टेकडीवर खड्डे घेण्याआधी वर्षभर नुसतं मोजा

पुण्याच्या टेकड्यांवर दर जुलैत वनमहोत्सवाचे खड्डे पडतात, आणि बहुतेक वेळा नेमके नको तिथे. वेताळ टेकडी, तळजाई हे मुळात पानगळीचं खुरटं रान. हिवर, सालई, मोई, गणेर, आणि मधे मोकळं गवत. त्या गवताला 'उजाड' ठरवून तिथे गिरिपुष्प लावलं गेलं. मध्य अमेरिकेतलं झाड, भराभर वाढतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत. हिरवं दिसलं की सगळे खूश!

पाहणीला झाडांसाठी 10 × 10 मीटरची चौकट आखा, तिच्यातच झुडपांना 5 × 5 आणि गवताला 1 × 1. पण एका फेरीत काही कळत नाही. कोळकांद्याचा नुसता फुलदांडा उन्हाळ्यात दिसतो, पानं पावसात येतात. कुसळी, शेडा, मारवेल ही गवतं तुऱ्यावर आल्याशिवाय नीट ओळखता येत नाहीत, म्हणजे ऑक्टोबरची फेरी हवीच. बुंध्याचा घेर 1.37 मीटर उंचीवर मोजा, पण माझ्या मते नोंदवहीतला खरा रकाना रोपांचा. दहा मोठ्या सालई आणि रोप एकही नाही, तर ते रान म्हातारं झालंय. कारण शोधा: वणवा, चराई की गिरिपुष्पाची सावली?

गिरिपुष्प एकदम साफ करू नका. (तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ते आधी.) हे शेंगवर्गीय झाड, मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीत नत्र साठतं. एकदम ऊन आलं की त्या नत्रावर गाजरगवत आणि कॉसमॉस ही तणं माजतात, मुरमावरचं गवत मागे पडतं. 10-15 मीटरचे तुकडे उघडा, बुंध्याचे फुटवे दोन-तीन वर्षं खुडत राहा. घाणेरी (लँटाना) कोयत्याने छाटाल तर दुप्पट फुटेल. कुदळीने जमिनीखाली 3-5 सेंटिमीटरवर मूळ तोडून झुडूप उलटं टाकायचं, ही दिल्लीच्या जैवविविधता उद्यानांत वापरलेली पद्धत. मग पावसानंतर पक्षी बसतात त्या झाडांखालची घाणेरीची रोपं उपटायची, कारण बी तिथेच पडतं.

लावायचंच असेल तर बी त्याच टेकडीचं घ्या. पळसाचं बी मे-जूनमध्ये पडतं, ते लगेच पेरा, वर्षभर ठेवून उपयोग नाही. खैर जागेवरच पेरलेला बरा, पिशवीत त्याचं सोटमूळ गुंडाळतं. मोईची जाड फांदी पावसाच्या तोंडावर रोवली तरी लागते.

आणि गवताच्या उतारावर सलग समतल चर (पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले) नकोत. जेसीबीने मुरूम उलथला की कंद वर येतात, मातीच्या बांधावर पहिलं उगवतं ते गाजरगवत. गवत कापायचं ते बी गळल्यावर, डिसेंबरात, आणि जाळरेषा (वणवा अडवायला गवत आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) जानेवारी संपायच्या आत.

यंदा खड्ड्यांचं बजेट आलंय ना? त्यातून चौकटींचे खुंट आणि दोरी घ्या.