वाडा वाचवायचाय? मग आधी ग्रुप काढा

पुण्याच्या पेठेतला वाडा वाचवायचा असेल तर पहिला नियम म्हणजे तुम्ही स्वतः तिथं राहायचं नाही. तिथं राहणाऱ्या माणसाला सामायिक संडास, वाळवी, जिन्यातला अंधार आणि पावसाळ्यात गादी कुठल्या कोपऱ्यात सरकवायची एवढंच दिसतं, त्याला कसला आलाय वारसा. वारसा नीट दिसायला मध्ये निदान कोथरूडएवढं अंतर लागतं, आणि लिफ्टवाला फ्लॅट असेल तर अजूनच स्वच्छ दिसतो.

मग ग्रुप काढा. नावात 'वारसा' पाहिजेच. पुढे 'जतन' लावायचं की 'संवर्धन' यावर दोन महिने आरामात जातात, त्यात एखादे निवृत्त सर असले की 'संवर्धन'चा अनुस्वार ते 'समिती'तली वेलांटी असा पूर्ण प्रवास होतो. हा वेळ वाया गेला असं अजिबात समजू नका. तेवढ्यात पेठेतला एखादा वाडा पडून जातो आणि तुम्हाला हळहळायला आयता विषय मिळतो.

भाषा मात्र पक्की हवी हं. खांब म्हणायचं नाही, सुरूदार खांब म्हणायचं. छत म्हणायचं नाही, कडीपाट. कमान नाही, महिरप. आणि चुन्याबद्दल बोलताना डोळे अर्धे मिटून 'त्या काळी चुन्यात गूळ, बेलफळ घालायचे' असं सांगायचं, ऐकणारा गारच होतो. नंतर त्याच मातीच्या भिंतीला कुणीतरी गवंडी आणून सिमेंटचा गिलावा मारतो, आतली ओल आतच कोंडते, भिंत फुगते, दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. पण तो तुमचा विषय नाही. तुमचा विषय गूळ.

दर महिन्याला एक हेरिटेज वॉक ठेवा, रविवारी सकाळी सातला, म्हणजे नवाला मिसळ खायला मोकळे. सुरुवात शनिवारवाड्यापासून करायची, सोपं पडतं. 1732 ला वास्तुशांत झाली आणि खर्च आला 16,110 रुपये, हा आकडा सांगितला की गर्दीतला एक जण 'आत्ता तेवढ्यात पार्किंगसुद्धा येत नाही' म्हणणारच म्हणणार, त्याला हसायला थांबा. मग 'काका मला वाचवा', मग 1828 ची आग. तिथून विश्रामबागवाडा, 1807 चा, दुसऱ्या बाजीरावाचा, त्याच्या सज्ज्याखाली ग्रुप फोटो. कात्रजहून नळ टाकून पेठांमधल्या हौदांत पाणी कसं आणलं होतं हेही सांगा, फक्त आत्ता नळाला पाणी किती वेळ येतं हे तिथल्या कुणाला चुकून विचारू नका, वॉक तिथंच संपेल.

बाकीचे वाडे कुठे गेले असं एखादं आगाऊ पोर विचारतंच. उत्तर तयार ठेवा: पानशेत. 12 जुलै 1961. धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांमधले मातीचे वाडे बसले, हे खरंच आहे आणि लोक गंभीर होऊन माना डोलावतात. त्यानंतरचे कसे गेले हे मग कुणी विचारत नाही. आमचा वाडा विचाराल तर तो पुरातून धडधाकट वाचला होता, तो पुढे आमच्या चार काकांनी आणि दोन आत्यांनी स्टॅम्पपेपरवर सह्या करून घालवला. आता तिथं सहा मजली बिल्डिंग आहे, नावात 'वाडा' ठेवलाय, आणि दिंडी दरवाजा माझ्या हॉलमध्ये काच टाकून टीपॉय झालाय. मीही ग्रुपात आहे अर्थात. टीपॉयचा फोटो टाकला तेव्हा एकशेचार लाइक आले.

एक गोष्ट मीटिंगमध्ये कधीच काढायची नाही, ती म्हणजे भाडं. भाडे नियंत्रणामुळे कित्येक खोल्यांचं भाडं 1940 च्या आकड्यावर गोठलं, 1999 चा नवा कायदा आला तो वर्षाला चार टक्के वाढ द्यायला तयार झाला, म्हणजे अठरा रुपये भाडं असेल तर मालकाला वर्षाला बहात्तर पैसे जास्त, त्यात त्यानं तुळई बदलायची आणि कौलं चाळून घ्यायची. भाडेकरू म्हणतो दुरुस्ती मालकानं करावी, मालक म्हणतो पडू दे एकदाचा, आणि पडायला लागला की धोकादायक इमारतीची नोटीस येते. शनिवारवाड्याच्या शंभर मीटरच्या आतले लोक तर आणखीनच नशीबवान, त्यांना संरक्षित स्मारकाच्या नियमामुळे नवीन बांधता येत नाही आणि जुनं दुरुस्त करायचं तर परवानगीचा अर्ज करा. हे सगळं काढलं तर कुणीतरी 'मग आपण वर्गणी काढूया का' म्हणेल, आणि ग्रुपमधले लोक एकेक करत लेफ्ट होतात, अनुभव आहे.

स्मारकाची मागणी मात्र बिनधास्त करा, त्याला पैसे लागत नाहीत. भिडेवाड्याचंच बघा. 1848 साली जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती जागा, दगडूशेठ गणपतीच्या समोर. राष्ट्रीय स्मारक करा, राष्ट्रीय स्मारक करा म्हणत वर्षानुवर्षं निवेदनं, आंदोलनं, कोर्टकचेऱ्या झाल्या, तोवर वाडा आपला खाली दुकानं घेऊन वाकत राहिला. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, डिसेंबर 2023 मध्ये जागा ताब्यात आली आणि वाडा पाडला, स्मारक करायला. तोवर उभा ठेवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं म्हणा. पण तुम्ही तेव्हाही हळहळलात ना, झालं तर मग.

आता राहता राहिला वाड्यात अजून राहणाऱ्या माणसांचा प्रश्न. मागच्या जूनमधल्या वॉकला आम्ही एका वाड्यात शिरलो, चौक, तुळस, वर केळफुलांचं कोरीव काम, सगळे वा वा करतायत. ओसरीवर एक आजी बसलेल्या. त्यांनी एकूण चाळीस माणसं बघितली, हातातली भाजी खाली ठेवली आणि विचारलं, "तुम्ही कौलं चाळायला आलात का?"

आमचे लीडर म्हणाले, "नाही आजी, आम्ही वाडा बघायला आलोय."

"मग वर पण बघा," आजी म्हणाल्या.

वर कडीपाटातून थेंब पडत होते आणि खाली बरोबर त्या जागी निळी प्लास्टिकची बादली होती. फोटोवाला खाली वाकून अँगल बघत होता, म्हणाला, "आजी, ती बादली जरा बाजूला घेता का, फ्रेममध्ये येतेय." आजींनी घेतली बाजूला. फार छान आला फोटो, ग्रुपचा डीपी सध्या तोच आहे.