रुपयांत भरलं तरी परदेशी शुल्क लागतं, आणि ते बँकेनं आधीच सांगायला हवं

वेबसाइटवर किंमत रुपयांत दिसली की व्यवहार देशातलाच झाला, असा समज आपल्या बेळगाव भागात फार पक्का बसलाय. मी हिशेबाची कामं करतो. उद्यमबागेतले छोटे कारखानदार ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर बाहेरून घेतात, टिळकवाडीतली डिझाइन करणारी पोरं दरमहा कसलं ना कसलं सबस्क्रिप्शन भरतात, इंजिनिअरिंगची मुलं जर्मनीतल्या नाहीतर अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करतात. स्टेटमेंट आलं की ते घेऊन सगळे एकच विचारतात, "काका, मी रुपयातच भरलो की, मग हे कसले पैसे कापल्यात?"

तर नीट सांगतो. कार्डावरून परकीय चलनात खरेदी झाली की आधी व्हिसा किंवा मास्टरकार्ड आपल्या दरानं तिचे रुपये करतं. हा दर साधारणपणे बाजारातल्या दराच्या आसपास असतो, त्यांच्या साइटवर कुणालाही बघता येतो. त्यावर आपली बँक 'फॉरिन करन्सी मार्कअप', म्हणजे परकीय चलनातल्या खरेदीवरचं आपलं जादा शुल्क, लावते. कार्डाप्रमाणे हा आकडा बहुधा २ ते ३.५ टक्के असतो. आणि मार्कअपवर १८ टक्के जीएसटी.

हिशेबाच्या सोयीसाठी डॉलर ९० रुपयांचा धरू. १०० डॉलरची वस्तू ९,००० रुपयांची झाली. ३.५ टक्क्यांनी मार्कअप ३१५ रुपये. त्यावर जीएसटी ५६ रुपये ७० पैसे. म्हणजे ३७१ रुपये ७० पैसे जादा, खरेदीच्या ४.१३ टक्के. स्टेटमेंटात या तीन ओळी वेगवेगळ्या पडतात, कधी कधी मार्कअपची ओळ खरेदीनंतर दोन-चार दिवसांनी उमटते. त्यामुळे कुठला खर्च कशाचा, हे जुळवता जुळवता शिकलेली माणसंसुद्धा दमतात. खरेदीच्या वेळी येणाऱ्या मेसेजमध्ये बहुतेक वेळा वस्तूची रक्कम तेवढी असते, शुल्काचा उल्लेखच नसतो.

आता रुपयांचं प्रकरण. पैसे भरायच्या पानावर बरेचदा दोन पर्याय येतात, डॉलरमध्ये भरा किंवा रुपयांत भरा. रुपयांचा पर्याय घेतला की चलनबदल तो दुकानदार किंवा त्याची पेमेंट कंपनी करते, तिच्या स्वतःच्या दरानं. त्या दरात तिचा नफा आधीच धरलेला असतो आणि तो बँकेच्या मार्कअपपेक्षा जास्तच असण्याची शक्यता मोठी. एवढ्यावर भागत नाही. दुकानदार परदेशात नोंदलेला असेल तर रुपयांतल्या व्यवहारावरही अनेक बँका १ टक्क्याच्या आसपास वेगळं शुल्क आणि त्यावर जीएसटी घेतात. ग्राहक दोन्हीकडून भरतो. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, पर्याय असेल तर दुकानदाराच्या चलनातच भरा. आणि साइटवर रुपयाचं चिन्ह बघून समाधान मानू नका, कंपनी कुठल्या देशात नोंदली आहे ते बघा.

माल परत केला तरी पूर्ण पैसे येतील असं धरू नका. परतावा त्या दिवसाच्या दरानं येतो आणि घेतलेला मार्कअप बहुतेक बँका परत देत नाहीत. वर्षाला बऱ्यापैकी परदेशी खरेदी असेल तर मार्कअप शून्य किंवा अगदी कमी असलेली कार्डं मिळतात. मात्र वार्षिक फी बघून घ्या, नाहीतर वाचवलेलं तिकडं जायचं.

२०२० च्या ऑक्टोबरपासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. आपण ॲपमधून ते सुरू करतो. काम झालं की लगेच बंद करा, कारण ओटीपी न मागणाऱ्या परदेशी साइटही आहेत.

आता मला मनापासून जे म्हणायचंय ते. हे सगळं बँकेच्या अटींच्या कागदात लिहिलेलं असतं, हे खरं. पण तो कागद वाचणार कोण? वडगावातल्या विणकराच्या मुलानं वडिलांच्या कार्डावरून अर्जाची फी भरली, तर ते कार्ड ज्याच्या नावावर आहे त्या माणसाला हिशेब पैशापैशाचा कळतो, फक्त तो मराठीत वाचतो. बँकेचे छापील कागद इंग्रजी, हिंदी आणि राज्याच्या भाषेत असावेत असं रिझर्व्ह बँक सांगते. म्हणजे निपाणीच्या शाखेत कन्नड आणि पुढं कागलच्या शाखेत मराठी. कन्नड असायलाच हवं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सीमाभागात ज्या शाखेचे इतके खातेदार मराठी आहेत, तिथं शुल्काचं एक पान मराठीतून द्यायला बँकेचं काय जातं? भाषांतर तर कागलमध्ये तयारच आहे.

आणि भाषेच्या आधी दुसरी मागणी. 'भरा' हे बटण दाबण्यापूर्वी मार्कअप आणि जीएसटी धरून होणारी अंदाजे रक्कम रुपयांत दिसली पाहिजे. दर एक-दोन दिवसांत थोडा हलतो म्हणून पैशापर्यंत अचूक आकडा देता येणार नाही, मान्य. पण टक्का तर ठरलेला आहे. तो मेसेजमध्ये घालायला कुठलं तंत्रज्ञान आडवं येतं?

तोवर, न पटणारं शुल्क दिसलं तर गप्प बसू नका. फोनवर भांडण्यात वेळ घालवू नका, बँकेला लेखी कळवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रारीचा मसुदा लिहायला अडचण आली तर मला मेसेज करा, मी लिहून देईन. स्टेटमेंट पाठवताना कार्डाचा नंबर मात्र झाकून पाठवा.