नॉर्मन स्कॉटचं कार्ड

'अ व्हेरी इंग्लिश स्कँडल' ही बीबीसीची २०१८ची मालिका परत बघितली. तीनच भाग आहेत. जेरेमी थॉर्प, ब्रिटनच्या लिबरल पक्षाचा रुबाबदार नेता. नॉर्मन स्कॉट, आमचे संबंध होते असं जाहीरपणे सांगणारा तरुण. आणि त्या तरुणाला कायमचं गप्प करण्याच्या कटाचा आरोप.

या मालिकेचा विषय निघाला की सगळे थॉर्प झालेल्या ह्यू ग्रँटचं कौतुक करतात, नाहीतर कुत्रीबद्दल हळहळतात. ऑक्टोबर १९७५मध्ये एक्समूरच्या माळरानावर मारेकऱ्याने स्कॉटची ग्रेट डेन कुत्री रिंका गोळी घालून मारली, मग स्कॉटवर रोखलेलं पिस्तूलच अडकलं. हे विसरणं शक्यच नाही.

मला मात्र डाचतं ते कार्ड. नॅशनल इन्शुरन्सचं, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी विमा योजनेचं. त्या काळी मालकाने त्यावर शिक्के लावायचे, आणि कार्ड नसेल तर नोकरी मिळायची पंचाईत, सरकारी भत्त्याचीही. थॉर्पने माझं कार्ड करून दिलं नाही, हे रडगाणं स्कॉट वर्षानुवर्षं गात राहिला. आजूबाजूचे वैतागायचे, आपणही वैतागतो. स्कॉट झालेला बेन व्हिशॉ त्याला उगाच गोड करत नाही, हे फार आवडलं. चिकट, रडका, नाटकी आहे तो. पण म्हणून खोटारडा?

१९७९च्या खटल्यात न्यायमूर्ती कँटली यांनी ज्युरीसमोर समारोप करताना स्कॉटची अक्षरशः सालटी काढली. लबाड, फुकट्या, बांडगूळ! थॉर्पसह चारही आरोपी निर्दोष सुटले. मालिका विनोदी केल्याने विषयाचं गांभीर्य गेलं, असं म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय की हसू कोणाचं होतंय ते बघितलंत का? कोर्टात स्कॉटचं झालं होतं. इथे कोट-टायवाल्यांचं होतं, आणि साक्षीच्या पिंजऱ्यातला स्कॉट ताठ उभा दिसतो.

खटकलं ते एकच. सुटलेल्या माणसाला मालिका सरळसरळ दोषी धरते, खुनाच्या गोष्टी करताना दाखवते, आणि थॉर्प तर २०१४मध्येच गेला, उत्तर कोण देणार? हा आक्षेप मी सोडत नाही. फक्त, त्याचं म्हणणं शपथेवर मांडायला ओल्ड बेलीतला, म्हणजे लंडनच्या त्या फौजदारी कोर्टातला, पिंजरा त्याच्यासाठीही मोकळा होता. तो त्यात पाऊल ठेवायला तयार झाला नाही.