पत्रातून धम्ममैत्री: हे काम आपल्या विहारांनी उचलावं

माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा आणि बुद्धांच्या भेटीनंतर भिक्खू झालेला डाकू अंगुलीमाल, त्याची गोष्ट आपल्या विहारांत पोराटोरांना तोंडपाठ असते. जेतवन, पसेनदी राजा, 'मी थांबलोय, तू थांब', सगळं. पावसाळ्यातल्या वर्षावासात दर साली कुणी ना कुणी भंतेजी ती सांगतातच. पण आपल्याच गल्लीतला एखादा पोरगा तुरुंगात गेला, की विहारात त्याचं नाव निघत नाही. त्याची आई वंदनेला आलीच तर मागच्या भिंतीला टेकून बसते आणि वंदना संपताच चपला घालून निघते. मला हे सहन होत नाही. म्हणून तुरुंगातल्या माणसांना पत्रं लिहिण्याविषयी आज जरा लांबलचक लिहितेय, वेळ काढून वाचा.

अजान खेमधम्मो नावाचे एक इंग्रज थेरवादी भिक्खू १९७७ पासून इंग्लंडमधल्या तुरुंगांत जाऊ लागले. १९८५ च्या माघ पौर्णिमेला त्यांनी कैद्यांसाठी एक बौद्ध संस्था सुरू केली आणि तिचं नाव ठेवलं 'अंगुलीमाल'. आपण ज्याची गोष्ट सांगतो, त्याच्या नावानं तिकडे भिक्खू आणि उपासक तुरुंगाच्या फाटकातून आत जाताहेत.

अमेरिकेत देश अवाढव्य, कितीतरी तुरुंग शहरांपासून कोसो दूर, आणि बौद्ध माणसं मुळातच थोडी. त्यामुळे तिथं हे काम टपालानं वाढलं. १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या तुरुंगातून एका तरुणाचं पत्र रोबिना कोर्टिन या तिबेटी परंपरेतल्या ऑस्ट्रेलियन भिक्खुणीच्या हाती पडलं. टोळीत वाढलेला मुलगा, धम्मावरचं पुस्तक वाचून त्यानं लिहिलं होतं. त्यांनी उत्तर पाठवलं. मग आणखी पत्रं येत गेली आणि त्यातूनच लिबरेशन प्रिझन प्रोजेक्ट उभा राहिला. पुढे हजारो कैद्यांपर्यंत पत्रं आणि पुस्तकं पोहोचली. सुरुवात एका उत्तरानं झाली, हे मला फार मोठं वाटतं.

जार्व्हिस जे मास्टर्स या कैदी लेखकाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९८१ साली, एकोणीस वर्षांचे असताना, ते कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात गेले. पुढे एका तुरुंग कर्मचाऱ्याच्या खुनाच्या कटात त्यांना मृत्युदंड झाला; तो गुन्हा आपण केला नाही, असं ते आजवर सांगत आलेत. चागदुद तुल्कू रिन्पोचे या तिबेटी लामांचं लिखाण वाचून मास्टर्सनी त्यांना पत्र लिहिलं, आणि रिन्पोचेंनी तुरुंगात येऊन काचेच्या पलीकडून त्यांना दीक्षा दिली. एकांत कोठडीत मास्टर्सना अख्खं पेन मिळत नसे. बॉलपेनची आतली रिफिल तेवढी मिळायची. त्या रिफिलीनं त्यांनी पानंच्या पानं लिहिली. एकदा नुसती रिफिल धरून चार ओळी लिहून बघा. मी बघितल्या. नळी वाकते, बोटांतून सटकते, अक्षर कुठल्या कुठे जातं आणि अंगठा आखडतो. इतके कष्ट घेऊन माणूस लिहितो, तेव्हा पलीकडे कुणीतरी वाचणारं आहे याची त्याला खात्री लागते.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे तुरुंगात विपश्यना आहेच की. आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. १९७५ साली जयपूरच्या तुरुंगात गोयंका गुरुजींनी पहिलं शिबिर घेतलं, १९९४ साली तिहारमध्ये हजारावर कैदी एका वेळी बसले. हीच साधना २००२ साली अमेरिकेत अलाबामाच्या डोनाल्डसन तुरुंगात पोहोचली. कडक बंदोबस्ताचा तुरुंग, जन्मठेपेचे कैदी, आणि दहा दिवसांचं मौन. तिथं पुढे काय झालं ते आपण नीट समजून घ्यायला हवं. त्याच वर्षी तुरुंग प्रशासनानं शिबिरं बंद केली. एकत्र ध्यानाला बसायचीही मुभा राहिली नाही. काही वर्षांनी शिबिरं पुन्हा सुरू झाली, पण मधल्या काळात त्या कैद्यांना बाहेरून धरून ठेवलं ते पत्रांनी. जेनी फिलिप्स या मानववंशशास्त्रज्ञ बाई त्यांना लिहीत राहिल्या, कैदी उत्तरं देत राहिले, आणि २००८ साली ती पत्रं पुस्तकरूपानं आली. शिबिराला परवानगी लागते, हॉल लागतो, आचार्य लागतात. पत्राला एक माणूस पुरतो.

आमच्या वस्तीतला एक मुलगा कच्चा कैदी म्हणून आत आहे. त्याच्या आईच्या सांगण्यावरून मी त्याला लिहायला लागले. त्याचं पहिलं उत्तर आलं ते वहीच्या फाडलेल्या पानावर. कडेला कारागृहाचा शिक्का होता आणि शाई पाठीमागे उतरली होती. 'ताई, सप्रेम जयभीम' लिहून खाली आईच्या गुडघ्यांची चौकशी, पुढच्या तारखेची काळजी. मग त्यानं लिहिलं होतं, 'रात्री मंगलसुत्त म्हणतो, पण मातापितु उपट्ठानं, इथपर्यंतच येतं, पुढचं आठवत नाही. लिहून पाठवा.' मी पूर्ण सुत्त मोठ्या अक्षरात लिहून पाठवलं. पुढच्या पत्रात कळलं, बराकीतल्या आणखी दोघांनी ते उतरवून घेतलं. त्यातला एक बौद्ध नाही.

देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. दलित, आदिवासी आणि मुसलमान यांचं प्रमाण तुरुंगात त्यांच्या लोकसंख्येपेक्षा जास्त आहे. ज्याला वकील परवडत नाही, ज्याच्या घरच्यांना मुलाखतीला यायचं तर एका दिवसाचा रोज बुडवावा लागतो, तो माणूस महिनोन्महिने कुणाचं तोंड न बघता राहतो. स्वातंत्र्यलढ्यातल्या तुरुंगवासाचं आपल्याला केवढं कौतुक! १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलं, हे आपण शाळेत शिकतो. तसल्याच भिंतींआड आज बसलेल्या साध्या माणसाच्या चिठ्ठीला मात्र पोच मिळत नाही.

'आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं काय?' हे मला माझ्या भावानंच विचारलं. प्रश्न रास्त आहे. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराचं दुःख पहिलं. त्यांच्या पाठीशी उभं राहणं हेही विहाराचंच काम, आणि तेही आपण पुरेसं करत नाही. पण आतल्या माणसाला पत्र लिहिल्यानं त्याची शिक्षा एका दिवसानं कमी होत नाही, आणि बाहेरच्या कुणाचा न्याय हिरावला जात नाही. कल्याणमित्र म्हणजे अर्धं ब्रह्मचर्य, म्हणजे अर्धं धम्मजीवन, असं बुद्धांचा शिष्य आनंद म्हणाला, तेव्हा तथागतांनी त्याला थांबवून सांगितलं, अर्धं नव्हे, सगळंच. त्यांनी त्यात कुणाला वगळलं नाही.

ज्यांना लिहायचंय त्यांच्यासाठी थोडं. गुन्हा काय, हे विचारू नका. सांगावंसं वाटलं तर तो सांगेल. केसवर मतं देऊ नका, ते वकिलाचं काम. पत्र कारागृहात उघडून वाचलं जातं, हे धरूनच लिहा. पत्त्यासाठी घराऐवजी विहाराचा पत्ता द्या, पैसे पाठवायचं कबूल करू नका. अनोळखी कैद्याला लिहायचं तर आधी अधीक्षकांना भेटून रीतसर विचारा. उपदेश कमी करा. पाऊस कसा पडला, बुद्ध पौर्णिमेला खीर किती लोकांनी खाल्ली, हे लिहा. आणि एकदा सुरू केलं की मध्येच सोडू नका. घरच्यांनी सोडलं, मित्रांनी सोडलं, त्यात आपली भर नको. जमणार नसेल तर सुरूच न केलेलं बरं, हे मी कळवळून सांगते.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर आमच्या विहारात आम्ही काही जणी पत्रं लिहायला बसतोय. कागद, पाकिटं, तिकिटं आहेत. अक्षर चांगलं नसलं तरी या. ज्यांचं कुणी आत आहे आणि ज्यांना स्वतः लिहिता येत नाही, त्यांनीही या, तुम्ही सांगाल तसं लिहून देऊ.