थ्री नॉट थ्रीची पत्र्याची क्लिप आणि आमच्या भाच्याचा उद्योग

परवा संध्याकाळी भाचा वर्कशॉपवर आला, हातात फोन आणि खिशात पत्र्याचा तुकडा. म्हणे मामा, एवढी वळवून दे, पाच मिनिटाचं काम आहे. फोनवर तोच मेसेज जो आमच्या भावकीच्या ग्रुपवर आठवडाभर फिरतोय आणि ज्याला आमच्या घरातल्या निम्म्या लोकांनी अंगठा दिलाय. मेसेजचं म्हणणं असं: जुन्या मिलिटरी रायफलीसाठी तेलाच्या डब्याच्या पत्र्याची क्लिप, म्हणजे पाच काडतुसं एकत्र धरणारी पट्टी, घरीच बनवा, थ्री नॉट थ्री रायफल मिनिटाला साठ गोळ्या मारेल. इंग्रजांनी ही युक्ती आपल्या शिपायांपासून लपवली. कुठल्याही जुन्या रायफलीला चालते. काडतुसं अडकली तर हलकी हातोडी मारा. जुनी रायफल अँटिक आणि क्लिप म्हणजे नुसता पत्रा, सबब लायसनची भानगड नाही. शेवटी, सव्वीस अकराला पोलिसांकडं ही क्लिप असती तर... आणि चार तिरंगे.

भाचा पोलीस भरतीची तयारी करतोय, रोज पहाटे पळायला जातो. म्हटलं लेका, क्लिप करशील, रायफल कुठाय? तर म्हणतो, मित्राच्या आजोबांची आहे, वाड्यात माळ्यावर. तिथं माझं डोकं फिरलं, म्हणून हे लिहितोय.

पहिलं ते मिनिटाला साठ. थ्री नॉट थ्री म्हणजे ली-एनफील्ड ही बोल्टची, म्हणजे हातानं खिटी ओढून काडतूस आत सारायची रायफल आहे, प्रत्येक गोळीला बोल्ट वर, मागं, पुढं, खाली आणि मग परत नेम. क्लिप फक्त मॅगझिन, म्हणजे रायफलीतली काडतुसांची पेटी, भरते, ते पण बोल्ट उघडा ठेवून, वरून अंगठ्यानं दाबून. बोल्ट ओढायचं काम तुमचा हातच करतो, त्याला क्लिपनं काय फरक पडणार? मॅगझिन दहाचं, क्लिप पाचाची, म्हणजे साठ मारायला मध्ये दहा क्लिपा भराव्या लागतील आणि वर सेकंदाला एक गोळी. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश शिपायाला तीनशे यार्डांवर मिनिटात पंधरा गोळ्या नेम धरून मारायचा सराव असायचा, मुरलेले गडी त्याच्या पुढंही जायचे, पण त्यांचा तो धंदा होता आणि क्लिपा कारखान्यातल्या होत्या. क्लिपनं वेळ वाचतो हे खरं, एकेक काडतूस आत सारण्यापेक्षा. झालं, एवढंच.

इंग्रजांनी लपवली म्हणे. इथं अर्ध खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. १८५७ नंतर हिंदी पलटणींना गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुनं हत्यार द्यायचं धोरण होतंच. पण १९१४ला हिंदी फौज फ्रान्सला मार्सेयला उतरली तेव्हा त्यांना नव्या ली-एनफील्ड दिल्या गेल्या, आणि काडतुसं यायची ती कापडी पट्ट्यात, दहा क्लिपांमध्ये पन्नास. त्याच महायुद्धात इराकमधल्या कूटच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या, त्या काय काडतुसं मोजत बसल्या होत्या का? आमच्या चुलत आजोबांच्या ट्रंकेत एक रिकामी क्लिप होती, दुसऱ्या महायुद्धातून आलेली. आजीनं त्यात लाईटची बिलं अडकवली होती, अजून आहेत. लपवलेली युक्ती म्हणे!

ती क्लिप मी त्या रात्री काढून भाच्याच्या हातात दिली. बोटभर लांब, एकाच पत्र्याची, कडा आत वळलेल्या, पाठीला भोकं. दाबली की परत जागेवर येते, ऐंशी वर्षांनीसुद्धा, कारण तो स्प्रिंगचा पत्रा आहे. तेलाच्या डब्याचा पत्रा एकदा वाकला की वाकला. पंचवीस वर्षं पत्रा कापतोय मी, हे तरी माझ्याकडून ऐका. आणि थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, म्हणून पाच काडतुसं एकाआड एक, एकाची कड खाली एकाची वर अशी बसवायची असतात. हे चुकलं तर मॅगझिनमध्ये वरच्याची कड खालच्याच्या मागं अडकते आणि बोल्ट पुढं जातच नाही. इछापूरच्या सरकारी कारखान्यातल्या सात पूर्णांक बासष्ट मिलिमीटरच्या रायफलीचं काडतूस बिनकडेचं, त्याची क्लिप वेगळी. अमेरिकन गॅरंड रायफलीची आठ काडतुसांची क्लिप तर काडतुसांसकट आत जाते. ‘कुठल्याही जुन्या रायफलीला’ हे ज्यानं लिहिलं त्यानं रायफल फक्त पंधरा ऑगस्टच्या परेडला बघितली असणार.

आता हातोडी. हे वाचून मी फोन टेबलावर आपटला. अरे काडतूस उडतं कशानं? बुडाच्या मधोमध जी टिकली असते, प्रायमर, तिच्यावर पिन आपटते म्हणून. आणि तुम्ही लोकांना सांगताय की जिवंत काडतुसांवर हातोडी मारा? हलकी म्हणे! नळीच्या बाहेर काडतूस उडालं तर गोळी लांब जाणार नाही कदाचित, पण पितळ फाटतं आणि त्याचे तुकडे तोंडावर येतात. वर्कशॉपमध्ये ग्राइंडरची साधी ठिणगी डोळ्यात गेली तर डॉक्टरकडं पळतो आपण.

लायसनचा मुद्दा भरतीवाल्या पोरांनी नीट वाचा. शस्त्र कायदा १९५९, कलम ४५. जुनं, पुराणवस्तू म्हणून किमतीचं हत्यार सुटतं, पण कधी, दुरुस्त करून किंवा न करता ते बंदूक म्हणून वापरताच येणार नसेल तेव्हा. माळ्यावरची रायफल चालते म्हणूनच तर क्लिप बनवताय ना? त्याच कलमात किरकोळ भागांनाही सूट आहे, पण त्याच्या जोडीचा भाग तुमच्याकडं ‘किंवा दुसऱ्या कुणाकडं’ असेल आणि त्याच्यासोबत वापरायचा असेल तर सूट संपली. म्हणजे आजीची बिलांची क्लिप चालते, मित्राच्या माळ्यावरच्या रायफलीसाठी केलेली चालत नाही. वर थ्री नॉट थ्री हे सर्व्हिस बोअर, म्हणजे फौजेच्या काडतुसाचं माप, प्रतिबंधित यादीत. विनापरवाना शस्त्र बनवायला २०१९च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, आणि शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. क्लिप हा भाग धरायचा का नाही यावर वकील भांडतील सावकाश, तोवर तुझी चारित्र्य पडताळणी गेली ना बोंबलत. आणि पत्रा वळवून देणारा मामापण आत.

सव्वीस अकराचं तर बोलूच नका. समोर एके फॉर्टी सेव्हन, ट्रिगर दाबून धरला की सुटतच राहते, तिथं बोल्टच्या रायफलीला क्लिप असून काय उजेड पडणार होता? तुकाराम ओंबळे आपल्या जावळीतल्या केडंब्याचे. गिरगाव चौपाटीला कसाबच्या बंदुकीची नळी त्यांनी नुसत्या हातानं धरली, हातात होती ती काठी. त्या माणसाच्या रात्रीवर तेलाच्या डब्याचा पत्रा चिकटवताना लाज वाटली पाहिजे.

माळ्यावरच्या रायफलीचं त्या मित्राच्या वडलांना फोन करून सांगितलंय, वकिलाला विचारून पोलीस ठाण्यात जमा करा म्हणून. ते म्हणाले बघतो. भाचा तोंड पाडून गेला, पत्र्याचा तुकडा माझ्याच टेबलावर विसरून. मेसेज मात्र आज सकाळी परत आलाय, या वेळी आमच्या थोरल्या दाजींकडून.