इट्रियन ओडिसी: नकाशा हाताने काढा आणि वेळेत मागे फिरा

इट्रियन ओडिसी पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर सोडून देणारे खूप जण भेटतात. तक्रार एकच, गेम फार क्रूर आहे. मला हे अजिबात पटत नाही. हा गेम कडक आहे, पण प्रामाणिक आहे. इथे पार्टी, म्हणजे आपल्या पात्रांची तुकडी, संपते तेव्हा त्याचं कारण बहुतेक वेळा दहा-पंधरा पावलं आधीच घडलेलं असतं. ते कारण ओळखता आलं की पुढचे मजले आपोआप उलगडायला लागतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अ‍ॅटलसने 2007 साली निन्टेन्डो डीएससाठी हा गेम काढला. जंगलाच्या पोटात खाली खाली जाणारा भुलभुलैया, पाच-पाच मजल्यांचा एक थर, पाच जणांची पार्टी. वरच्या स्क्रीनवर डोळ्यांसमोरची वाट आणि खालच्या स्क्रीनवर कोरा चौकटींचा कागद. स्टायलस घ्यायचा आणि भिंती, दारं, जिने, सगळं स्वतः काढायचं. 2023 मध्ये पहिले तीन भाग नव्या रूपात स्विच आणि स्टीमवर आले, त्यामुळे आता जुनं डीएस शोधत बसायची गरज नाही. लॅपटॉपवर माऊसने नकाशा छान काढता येतो.

नव्या आवृत्तीत नकाशा आपोआप भरण्याची सोय आहे. ती बंद ठेवा, ही माझी पहिली आणि सगळ्यात आग्रहाची विनंती. अवघडपणा किती हवा त्यानुसार पिकनिक, बेसिक, एक्स्पर्ट यातलं काहीही निवडा, त्यावर माझं काही म्हणणं नाही. नकाशा मात्र स्वतःच काढा. भिंतीची रेघ ओढताना तुम्ही त्या भिंतीकडे नीट बघता, आणि मग तिच्यातली बारीक फट दिसते, जिथून पलीकडे जायचा जवळचा रस्ता असतो. नकाशावर एक चौकोनी भाग कोराच राहिला आहे आणि त्याला कुठूनच वाट नाही, हेसुद्धा हाताने काढणाऱ्यालाच खटकतं. शहरातलं पहिलं काम पहिल्या मजल्याचा काही भाग काढून आणायचं आहे, ते उगाच नाही. पूर्ण गेमची शिकवणी तिथेच होते.

आता पार्टी. पुढे लँड्सक्नेक्ट (तलवार चालवणारा) आणि प्रोटेक्टर (ढालवाला), मागे मेडिक (बरं करणारा) आणि अल्केमिस्ट (आग-वीज फेकणारा), पाचवी जागा सर्व्हायव्हलिस्ट (तिरंदाज) किंवा डार्क हंटरला (चाबूकवाला). सुरुवातीला मेडिकशिवाय जाऊ नका. प्रत्येक पात्राला सुरुवातीला 3 स्किल पॉइंट मिळतात आणि मग दर लेव्हलला 1. कमाल लेव्हल 70, म्हणजे पात्र रिटायर न करता एकूण 72 पॉइंट. बहुतेक स्किल 10 पर्यंत जातात, तेव्हा सात स्किल पूर्ण भरली की हिशोब संपला. म्हणून सगळीकडे एकेक पॉइंट शिंपडू नका. अल्केमिस्टला आधी एकच तत्त्व द्या, आग किंवा वीज, आणि तेच वाढवा. सगळं थोडं थोडं येणारा अल्केमिस्ट तिसऱ्या मजल्यावर ओझं होतो.

पहिल्या थरात सगळ्यात जास्त बळी घेतात विषारी फुलपाखरं. दिसायला किरकोळ, पण या गेममधलं विष इतर गेमसारखं टिचक्या मारणारं नाही, कमी लेव्हलच्या पात्राला ते दोन-तीन फेऱ्यांत झोपवतं. फुलपाखरू दिसलं की बाकी सगळं सोडून पहिला वार त्याच्यावर. हेच विष पुढे तुमचंही हत्यार होतं. अल्केमिस्टचं विष मोठ्या शत्रूवर लागलं की सुरुवातीच्या काळात तलवारीपेक्षा जास्त काम करतं.

मग येतात एफओई, म्हणजे नकाशावर फिरताना दिसणारे मोठे शत्रू. तुम्ही एक पाऊल टाकलं की तेही एक पाऊल टाकतात. काही ठरलेल्या वाटेवर फिरतात, काही तुम्हाला पाहिलं की मागे लागतात. लांब उभं राहून दोन-चार पावलं पुढे-मागे करा, त्याची फेरी मोजा आणि नकाशावर बाणांनी मांडा. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: तुम्ही साध्या शत्रूशी लढत असतानाही एफओई थांबत नाही. लढाईची एक फेरी म्हणजे त्याचं एक पाऊल. तो तुमच्यापर्यंत पोचला तर त्याच लढाईत घुसतो. म्हणून कोपऱ्यातला रंगीत दिवा लालसर झाला असेल, म्हणजे साधी लढाई जवळ आली असेल, तर एफओईच्या वाटेवर पाय ठेवू नका. दुसऱ्या मजल्यावर रेजलोप नावाच्या एफओईशी पराक्रम गाजवायची काही गरज नाही. वळसा घालून जा.

खरा प्रश्न मागे कधी फिरायचं हा आहे, आणि बहुतेक पार्ट्या इथेच संपतात. वॉर्प वायर पिशवीत असेल तर एका झटक्यात शहरात परत येता येतं. एक वायर नेहमी हवीच, ती घेतल्याशिवाय जंगलात पाऊल टाकू नका. तरी वायर नसेलच तर मेडिकचा टीपी (स्किल वापरायला लागणारी शक्ती) अर्ध्यावर आला की परत फिरा. पावच उरल्यावर नाही, अर्ध्यावर. परतीच्या वाटेवरही तेवढ्याच लढाया असतात, हे लोक विसरतात. पिशवीत 60 वस्तू मावतात आणि ती भरली की नवं काही उचलता येत नाही, तेव्हा भरलेली पिशवी हेसुद्धा परतीचंच कारण. शत्रूंचे अवशेष दुकानात विकले की नवी शस्त्रं विक्रीला येतात, त्यामुळे अर्धवट मजला सोडून परतलात तरी फेरी वाया जात नाही. आणि पार्टी संपलीच, तर गेम काढलेला नकाशा जपून ठेवू देतो. तो जरूर ठेवा.

पाचव्या मजल्यावरच्या फेनरिर या बॉसजवळ घाई करू नका. आजूबाजूचे लांडगे आधी एकेक करून संपवा, नाहीतर लढाई लांबली की ते येऊन मिळतात आणि प्रोटेक्टर कितीही चांगला असला तरी मागची रांग कोसळते. मेडिकचं इम्युनाइझ हे स्किल वाढवलं तर पुढचे बरेच बॉस सोपे होतात, कारण ते सगळ्या पार्टीला बसणारे घाव कमी करतं. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा खेळताना ते टाळा. त्याने इतकं संरक्षण मिळतं की प्रोटेक्टर आणि डार्क हंटरच्या बंधनांची गंमत कळतच नाही. चाबकाने डोकं, हात आणि पाय तिन्ही बांधून मग एक्स्टसी हा डार्क हंटरचा वार मारणं हा या गेममधल्या सगळ्यात सुंदर डावांपैकी एक आहे.

खेळताना आवाज बंद करू नका. युझो कोशिरो यांनी हे संगीत पीसी-8801 या जुन्या जपानी संगणकाच्या आवाजात रचलं आहे, पहिल्या थराची धून तर केवळ अप्रतिम. आणि पाचव्या थरात काय आहे ते कुठेही वाचू नका, कुणाला विचारू नका. कमेंटमध्येही कुणी लिहू नये, ही विनंती.