लाल पेटीतला पाइप एकदा उलगडून बघा

परभणी जिल्ह्यातल्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, मी बारा वर्षांपासून हिशेब लिहितो. आग विझवणं हा माझा धंदा नाही. पण दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये डोळ्यांदेखत जे झालं, त्यानंतर हा विषय डोक्यातून जात नाही. लांबलचक लिहितोय, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

दुपारी तीनच्या सुमाराला कापसाच्या गंजीतून धूर निघाला. आवारात भिंतीच्या कडेनं सहा लाल पेट्या. प्रत्येकीत पंधरा मीटरचा पाइप, शेजारी हायड्रंटचा, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा, नळ. रंग ताजा, नंबर टाकलेले. पहिल्या पेटीला कुलूप, किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन जेवायला गेलेला. काच फोडून पाइप ओढला तर घड्या एकमेकींना चिकटलेल्या. पाणी सोडल्याबरोबर दोन घड्यांवर फुटला. दुसऱ्या पेटीत पाइप धड होता, पण पितळी नोझल, म्हणजे धार सुटायचं पुढचं तोंड, गायब. भंगारात पितळेला भाव येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिसऱ्याच्या कपलिंगमध्ये, म्हणजे जोडात, रबरी वायसर नव्हतं, त्यामुळे निम्मं पाणी आमच्या पायावर. चौथा चालला. तोवर गंजी वरपर्यंत पेटली होती.

आणि कागद? कागद सगळे जागेवर होते. आपल्याकडे 2006चा आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत लायसन असलेल्या एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं 'बी' नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. आमचंही दिलेलं होतं. त्याची प्रत मी माझ्या हातानं फाइलला लावली होती. सही करणाऱ्या माणसानं पेटी उघडून पाइप बाहेर काढला होता का, हे मी विचारलं नाही. आज विचारलं असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. प्रत्येक पाइप जमिनीवर पूर्ण पसरून, त्यात दाबानं पाणी भरून दाखवल्याशिवाय कुणीही त्या प्रमाणपत्रावर सही करू नये. आणि त्या वेळी नोझल एजन्सीच्या माणसानं नाही, तिथं रोज राबणाऱ्या माणसानं धरावं.

धरणं सोपं नाही, म्हणून तर सांगतोय. हा पाइप 63 मिलिमीटरचा असतो. पंधरा मीटर लांबीत पाणी भरलं की नुसत्या पाण्याचंच वजन 47 किलोच्या आसपास जातं. रिकामा पाइप पोरगंही ओढतं, भरलेला दोघांना जड जातो. त्यामुळे आधी पाइप आगीपर्यंत न्यायचा आणि मग पाणी मागायचं. 20 मिलिमीटरच्या नोझलला 7 बारचा दाब मिळाला की मिनिटाला सातशे लिटर पाणी सुटतं आणि धरणाऱ्याला मागं 45 किलोचा रेटा बसतो. एकटा माणूस उडतो. त्या दिवशी बंबावरचा एक जवान मला ओरडून म्हणाला, "दादा, सोडू नका! सुटलं तर हे पितळ कुणाचंबी डोकं फोडंल." नळसुद्धा हळूहळू उघडायचा असतो, नाहीतर धक्क्यानं पाइप फाटतो. पाइपाचं नर टोक, म्हणजे आत शिरणारं, नळात बसतं; मादी टोक आगीकडे जातं. उलटा उलगडला तर परत फिरवण्यात एक मिनिट जातं आणि कापसाला एक मिनिट पुष्कळ झालं.

बंब आल्यावर आणखी एक गोष्ट बघितली. गर्दीतले लोक पाइपावर उभे होते आणि त्यावरून एक मोटारसायकलही गेली. तो जवान बिचारा "पायपावरून सरका" म्हणत घसा फोडत होता. पाइपाला पीळ पडला की पुढे धार मरते. व्हिडिओ काढणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

कापसाची आग वेगळीच असते. सरळ जोराची धार मारली की पेटलेला कापूस उडून दुसऱ्या गंजीवर पडतो, म्हणून फवारा लागतो. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेणाचा थर असतो, त्यावरून पाणी ओघळून जातं. वरून विझल्यासारखं दिसतं, आत धुमसत राहतं. गंजी उपसावी लागते, गठाण म्हणजे दाबून बांधलेली गाठ फोडावी लागते.

14 एप्रिलला आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजात कापसाच्या गाठींजवळच दारूगोळा होता. नऊशे टनांहून जास्त पाणी ओतूनही धुरामुळे आगीचं मूळ सापडलं नाही आणि जहाज फुटलं. मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. शाळेत हे सांगतात, पण जहाजात कापूसही होता हे कापसाच्या आमच्या भागात कुणी सांगत नाही.

आता पाण्याचं बोलतो, कारण आपण मराठवाड्यात राहतो. 2016च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. तेवढं पाणी असं एक नोझल बारा तासांत संपवतं. पाच हजार लिटरचा बंब सात मिनिटांत रिकामा होतो, आणि मग दुसरा टँकर कुठून आणायचा याचा शोध सुरू. अशा मुलखात वायसर नसलेल्या कपलिंगमधून निम्मं पाणी मातीत जाणं मला सहन होत नाही. वायसर काही महाग वस्तू नाही हो!

दवाखान्यात, शाळेत, मंगल कार्यालयात, बाजार समितीत पुढच्या वेळी गेलात तर लाल पेटीची किल्ली कुणाकडे असते एवढं विचारा. आणि तिथं तुम्हीच कामाला असाल तर पाइप बाहेर काढा. वापरून झाला की सावलीत पूर्ण वाळवा. परत घडी घालताना जुन्या घडीवर घालू नका. गुंडाळायचा असेल तर मधून दुमडून गुंडाळा, म्हणजे दोन्ही टोकं बाहेर राहतात आणि पाइप झटक्यात उलगडतो.

आमच्याकडे जुलैत सहाही पाइप पसरले. दोन गळाले, ते बदलले. कुलुपं काढून टाकली. नोझल धरायला पुरुष पुढे झाले तेव्हा सरकी भरणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "आम्ही तर दिसभर हितंच असतो, आम्हाला कवा शिकवणार?" मग मावशी आणि त्यांची जाऊ, दोघींनी मागंपुढं उभं राहून धरलं. पाणी आलं तशा दोघी एक पाऊल मागं रेटल्या गेल्या, मग पाय रोवले. पाणी वाया जाऊ नये म्हणून धार कुंपणाच्या कडुलिंबांवर सोडली होती.